आधी ठिणगी पाहावी

पनवेल

चि. वसंतास,

अमावास्येच्या उधाणाची ओहोटी लागलेली असताना मोऱ्याच्या धक्क्यावरून होडी काढलीस, भर पाण्यात यंत्र बंद पडले आणि तळहात सोलून निघेपर्यंत तू दोरी ओढीत बसलास, हा मजकूर कालच्या पत्रात वाचल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या अजस्र जहाजांना जागच्या जागी थांबता येत नाही, हे तुला मी सांगावयास हवे काय?

नवा प्लग घातला, कार्बोरेटर धुतला, तरी यंत्र दाद देत नाही, अशी तुझी फिर्याद आहे. बाबा रे, साक्षीपुरावा न घेता फैसला करणाऱ्या मुनसफासारखे हे तुझे वर्तन! एकामागून एक भाग बदलणे ही दुरुस्ती नव्हे. दोषाचे मूळ निश्चित झाल्याखेरीज पान्याला हात लावू नये, हा माझा जन्माचा सिद्धांत आहे, आणि तो यंत्राइतकाच संसारालाही लागू आहे.

तेव्हा प्रथम ठिणगी पाहा. प्लग काढून, त्याची तार तशीच ठेवून, त्याचे धातूचे अंग सिलिंडरच्या डोक्याला, परंतु प्लगच्या छिद्रापासून व सांडलेल्या पेट्रोलपासून दूर, घट्ट टेकव आणि दोरी ओढ. निळी, कडक ठिणगी दिसली तर मॅग्नेटो निर्दोष समजावा. न दिसली तर बंद करण्याच्या बटणाची तार आधी सोडवून पाहा. खाऱ्या हवेने तेथेच विद्युत्प्रवाह परस्पर यंत्राच्या धातूत उतरतो. तरीही अंधारच असेल तर फ्लायव्हीलखालचे पॉइंट तपास. या जुन्या यंत्राला बॅटरी नाही; फिरत्या चुंबकाने उत्पन्न झालेला प्रवाह पॉइंट उघडताच तुटतो आणि त्या क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. पॉइंटांवर गंजाचा सूक्ष्म थर बसला की ही सारी योजना निष्फळ. ते बारीक पॉलिश पेपरने घासून पूस आणि त्यांतील फट पुस्तिकेत दिलेल्या मापाची ठेव. अशा बहुतेक जुन्या यंत्रांत ती सुमारे अर्धा मिलिमीटर असते. कंडेन्सर आणि तडकलेली कॉइल यांचा विचार त्यानंतर. फ्लायव्हील उतरविताना हातोडा मात्र वर्ज्य, पुलर माग.

ठिणगी असूनही यंत्र मूकच राहिले, तर दोरी ओढल्यावर प्लग ओला होतो की कोरडा राहतो ते पाहा. कोरडा असेल तर टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू, गाळणी व जेट तपासावे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत टाकीत तसेच राहिलेले पेट्रोल उडून त्याची चिकट राळ मागे उरते. ओला असेल तर चोक उघडून प्लग वाळू दे.

१९०९ साली मिलवॉकी येथे ओले एव्हिनरूड याने होडीच्या पाठीवर लावावयाचे यंत्र बाजारात आणले, तेव्हापासून जगभरच्या नावाड्यांचे श्रम हलके झाले खरे. परंतु आमच्या कोळीवाड्यातील वृद्ध तांडेल यंत्र आल्यावरही वल्ही व नांगर घेतल्यावाचून खाडीत उतरत नसत. तुझ्या पत्रात या दोहोंचा नामोल्लेखही नाही, ही गोष्ट मला त्या बंद यंत्रापेक्षा अधिक छळते.

यंत्र किनाऱ्यावर, पिंपातील पाण्यात, अनेकदा सुरू होऊन दाखवील तोवर होडी पाण्यात घालू नकोस. आणि घालशील तेव्हा वल्ही, नांगर व एक जाणता सोबती घेऊनच घाल. ठिणगी दिसली की नाही, ते उलट टपाली कळव.

तुझा
काका