पत्ता आणि प्रमाण

आमच्या पुतण्यानें आटपाडीस नकाशे काढून देण्याचें लहानसें कार्यालय थाटलें आणि गेल्या उन्हाळ्यांत तेथें एक प्लॉटर आणून बसविला. २४ इंच रुंदीच्या कागदाची अखंड गुंडाळी पोटांत ठेवून त्यावर हातभर लांबरुंद नकाशे छापणारें हें यंत्र. पूर्वींचे प्लॉटर खरोखरच लेखणी धरून रेघा ओढीत. आतांचा शाईचे सूक्ष्म थेंब उडवितो. नांव मात्र जुनेंच राहिलें, संस्थानें जाऊनहि राहिलेल्या किताबांसारखें.

"काका, तुम्ही नुसती पुस्तिका वाचून दाखवा," असें पुतण्या म्हणाला, आणि आम्हीं तें काम मोठ्या ऐटींत पत्करलें. केबल राऊटरला लावली, संगणकांत ड्रायव्हर घातला, आणि संध्याकाळीं पहिली रेघ उमटली. रात्रीं वीज गेली. सकाळीं संगणक म्हणूं लागला, प्लॉटर जागेवर नाहीं! तो तर आमच्या पुढ्यांत उभा होता.

बांकावर दोघे भाऊ वाटणीचा नकाशा न्यावयास येऊन बसले होते. डाळिंबाची बाग, सामाईक विहीर. कऱ्हाडजवळ टेंभू येथें उपसलेलें कृष्णेचें पाणी टप्प्याटप्प्यानें इकडे येऊं लागल्यापासून या दुष्काळी माणदेशांत गुंठ्यागुंठ्याला मोल आलें आहे. भाऊ एकमेकांशीं बोलत नव्हते.

दोष शेवटीं पत्त्याचा निघाला. राऊटर आपल्या यंत्रांना पत्ते आपणच वांटतो. वीज परत आल्यावर त्यानें प्लॉटरला नवा पत्ता दिला. संगणक बापडा जुन्याच दारावर थापा मारीत बसला. पुतण्यानें प्लॉटरच्या पाटीवर चालू पत्ता पाहिला, राऊटरमध्यें तो त्याच्यापुरता कायमचा राखून ठेवला, आणि संगणकांतील जुना पत्ता खोडून हा घातला. यंत्र घरघरलें, नकाशा बाहेर आला. आम्ही पुस्तिका मिटली.

थोरल्या भावानें मात्र पट्टी मागितली. नकाशा १:५०० चा, म्हणजे ३३ फुटांची एक साखळी कागदावर सुमारें २ सेंटिमीटर. म्हातारा बराच वेळ वांकून पट्टी सरकवीत राहिला.

"आमचा बांध धा साखळ्यांचा हाय. ह्यो कागुद साडेएकोणीसच दावतुया."

२० हवे होते. छापतांना 'कागदावर बसवा' ही खूण राहून गेली होती, आणि यंत्रानें समास सांभाळण्यासाठीं सगळा नकाशा शेंकडा ३ नें आंखडला होता. ऐकायला हें क्षुल्लक. पण लांबी आणि रुंदी दोन्ही आंखडतात. अशा कागदावर पट्टी लावून मोजलें, तर एकराचे ४० गुंठे साडेसदतीसच भरावयाचे! दोन भावांत कोर्टकज्जा लावावयास अडीच गुंठे पुष्कळ झाले. १९३९ सालीं औंध संस्थानानें याच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून कैद्यांवर विश्वास टाकला, आणि तो बराच फळाला आला. यंत्रावर इतका विश्वास टाकावयास आम्ही यापुढें धजणार नाहीं.

पुतण्यानें माफी मागून 'मूळ आकार' निवडला. दुसऱ्या कागदावर म्हाताऱ्यानें पुन्हां पट्टी लावली, मग ती न बोलतां धाकट्याच्या हातीं दिली. त्यानेंहि मोजलें.

"भरलं, दादा," तो म्हणाला.

पहिला कागद पोरांच्या वह्यांना घालावयास होईल म्हणून त्यानें घडी करण्यास घेतला. थोरल्यानें तो त्याच्या हातून काढून घेतला आणि उभाआडवा फाडला.