बाहुलीचा झगा

डिसेंबरात लेकीच्या शाळेतून चिठ्ठी आली. स्नेहसंमेलनात 'विविधतेत एकता' हा कार्यक्रम बसवला होता. कोणी कोळीण, कोणी पंजाबी, कोणी ख्रिस्ती नवरी. आमच्या लेकीच्या नावापुढे लिहिले होते : मुस्लिम. शेजारी सूचना : शरारा, ओढणी, ईदचे कपडे चालतील.

चिठ्ठीत वाईट काहीच नव्हते. बाईंनी उलट आमचा खर्चच वाचवला होता. पण दुसरीतली पोर ती वाचून म्हणाली, "ते तर माझेच कपडे. मग मी झाले काय?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकवतो. आमच्याही संमेलनात एका मुलाला धोतर नेसवून 'हिंदू भाई' म्हणून उभे करतो. धोतर कुठून आणायचे एवढीच त्यावर चर्चा होते. ते रोज नेसणारा आता गावात कोण उरला आहे, हा विचार कधी मनात आला नाही.

"मग तुला काय व्हायचंय?"

"माका बावली होवचा आसा!" घरात ती उर्दूत बोलते, पण हट्टाला आली की मालवणीत शिरते.

बाहुलीच का, हे पिंगुळीत राहणाऱ्याला विचारावे लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गावरून कुडाळ ओलांडले की आमचे गाव. इथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जपली. एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली आख्याने सांगायची, ती चित्रकथी. आणि लाकडी तोंडाच्या, कापडी झग्यांच्या बाहुल्या दोऱ्यांवर नाचवायच्या, तो कळसूत्री खेळ. सावंतवाडी संस्थानाचा या कलांना आधार होता. तो गेल्यावर कलावंतांचे हाल झाले. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच संग्रहालय उभे केले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आम्ही वर्गात ते फळ्यावर लिहिले होते. लेक त्या संग्रहालयात जाऊन आली होती. घरी आल्यावर दोन दिवस ती हात लटकावूनच चालत होती.

मुंबईचे नातलग सांगतात की तिकडे मुले हॅलोविनला भुताचे तयार कपडे विकत आणतात. बाहुलीचा झगा कुडाळच्या बाजारात मिळत नाही. तो शिवणे आले.

पहिली अडचण अम्मींची. आमच्या सासूबाई सुपारी कातरता कातरता थांबल्या. "पुतली? मुसलमानाची पोर पुतली बनणार?"

आम्ही वाद घातला नाही. हजरत आयेशांच्या खेळण्यातल्या बाहुल्यांची गोष्ट काढली. 'सुनन अबू दाऊद'मध्ये ती आहे. त्या बाहुल्यांत एक घोडा होता, त्याला चिंध्यांचे दोन पंख. हुजूरांनी विचारले, घोड्याला पंख कसे? आयेशा म्हणाल्या, हजरत सुलेमानांच्या घोड्यांना पंख होते, ऐकले नाही का? यावर हुजूर खळखळून हसले. अम्मींना ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही; चिंध्यांच्या पंखांकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बहू, घेर जरा जास्त ठेव. अंगासरशी नको."

म्हणजे इजाजत मिळाली.

अम्मींची पायाची मशीन माळ्यावरून उतरवली. तिला तेल दिले, पट्टा बदलला. अम्मींची जांभळी रेशमी साडी घडीवर विरली होती. तिचा चांगला भाग घेराला काढला. शेजारच्या काकींनी जुन्या लुगड्याचे काठ दिले. आम्ही बी.एड.ला पाठाचे टाचण काढायला शिकलो. कापडाचे बेतणे कोणी शिकवले नव्हते. चोळी बरी जमली. बाह्या मात्र दोन्ही एकाच हाताच्या कापल्या गेल्या. रात्री साडेअकराला ते ध्यानात आले, आणि रेशीम संपलेले. मग एक बाही काठांचे तुकडे जोडून केली. सकाळी लेकीने तीच आधी घातली. चुण्या घालताना धागा तीनदा तुटला, आणि तिसऱ्यांदा अम्मींनी आम्हाला स्टुलावरून उठवून स्वतः पायटा धरला. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेली बाई, पण टीप सरळ रेघेत. आम्ही कापड ओढून धरायला उभे राहिलो.

लेकीच्या अब्बांनी जाड पुठ्ठ्याला सोनेरी कागद लावून मुकुट केला. तो कानावर घसरे; आतून स्पंजची पट्टी चिकटवली.

खरा पेच दोऱ्यांचा. बाहुली म्हणजे दोरे हवेत, आणि दोरे धरायला कोणीतरी वर हवा. अब्बा म्हणाले, मी मागे उभा राहतो. लेक म्हणाली, मग सगळे तुम्हालाच बघतील. शेवटी बांबूची कामटी पाठीवर पट्ट्यांनी बांधली, ती डोक्यावर हातभर वर काढून तिला आडवी काठी जोडली, आणि तिथून दोरे बाह्यांच्या टोकांना शिवले. पहिल्याच ओढीला रेशीम फाटले. तिथे ठिगळ लावले.

बाईंना आम्ही आधीच कळवले होते. त्यांनी खुशीने होकार दिला आणि जरा थांबून विचारले, "पण मग मुस्लिम कोण होईल?"

दोन घरे सोडून राहणारा लेकीचा वर्गमित्र तयार झाला. त्याच्या आईने टोपी मागितली; अब्बांची पांढरी जाळीची टोपी दिली.

संमेलनात लेक नाचताना उजवा दोरा सुटला. तिने तो हात तसाच लोंबता ठेवला आणि डाव्यानेच नाच पुरा केला. लोकांना वाटले, बसवलेलेच आहे. तिच्यानंतर तो मुलगा आला, त्याने उजव्या हाताने आदाब केला, मान किंचित लववून, अगदी बरोबर. पडद्यामागे कोणीतरी शिकवलेले दिसत होते.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने टोपी परत पाठवली. धुऊन, खळ घालून, इस्त्री करून. ती पुठ्ठ्यासारखी ताठ झाली होती, डोक्यावर बसेना. अब्बा जुम्म्याला तशीच घालून गेले.