आईंना घेऊन या

आज पिकाचं नाही, माझंच लिहितो. वय ४३. कांद्याचा लिलाव सुरू झाला की त्या गोंगाटातून पळून जावंसं वाटतं. पावसाची नोंद मात्र १९९८ पासून एक दिवस चुकलेली नाही. गावात नाव पडलं 'तुसडा'.

पोराला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता निघाली. लक्षणं ऐकताना मलाच मी दिसलो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, "हे रक्त तपासून कळत नाही. लहानपण सांगणारं कुणी हवं. आईंना घेऊन या."

आई म्हणाली, "पोळ्याला ढोल वाजला की हा कणगीमागं लपायचा."

तीन फेऱ्यांनंतर निदान झालं. यावर गोळी नाही. पण आता लिलावाला भाऊ जातो, हिशोब मी ठेवतो.

तुम्हालाही शंका असेल, तर आई-वडील आहेत तोवर विचारून घ्या.