अण्णांच्या चिठ्ठ्या

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. त्यांची नोकरी बसच्या बॉड्या बांधण्याची. पत्रा कापणं, ठोकणं, रिव्हेट मारणं, आणि पाळीभर तो दणदणाट. निवृत्तीपर्यंत बारीक आवाज यायचे बंद झाले होते. मग कानाचं यंत्र घेतलं. यंत्राने ऐकू येतं, पण सगळंच येतं. ताटल्या, पंखा, खालचे हॉर्न, आणि त्या गदारोळातून समोरच्याचे शब्द वेचून काढायचे. त्याने माणूस दमतो. संध्याकाळ झाली की अण्णा यंत्र काढून डबीत ठेवतात आणि म्हणतात, "आता मी बंद." त्यांच्या या बंद होण्याचा घरात कुणालाच राग येत नाही.

मी आजारी पडले तेव्हा मला काय होतंय हे घरात सगळ्यांत आधी अण्णांना उमगलं, ते यामुळे.

मी एका सहकारी बँकेत काउंटरवर होते. नोटा मोजण्याच्या यंत्राची घरघर, टोकन पुकारणारा आवाज, डोक्यावर ट्यूबलाइट, आणि समोर रांग. रांगेतल्या प्रत्येकाकडे बघून हसायचं, नजर चुकवायची नाही, आवाजात गोडवा ठेवायचा. इतरांना हे आपोआप जमतं. मला प्रत्येक वेळी ठरवून करावं लागे. कुणी काय विचारलं तर काय बोलायचं, याची वाक्यं मी बसमध्ये घोकून ठेवायची. लहानपणापासून हेच करत आले होते, त्यामुळे सगळेच असं करतात अशी माझी समजूत होती.

चाळिशीच्या तोंडावर शरीराने नकार दिला. एका सकाळी गॅसवर आधण ठेवलं आणि पुढे काय घालायचं तेच आठवेना. साखरेचा डबा एका हातात, चहाचा दुसऱ्या हातात, आणि पाणी आटत चाललेलं. स्मरणशक्ती शाबूत होती, नवऱ्याचा फोन नंबर, बँकेतले खाते क्रमांक तोंडपाठ होते. पण एकापाठोपाठ एक कृती लावणं जमेना. मग अंघोळ अवघड झाली, अंगावर पडणारं पाणी टोचायचं. फोडणीच्या आवाजाने डोळ्यांत पाणी यायचं. दिवस कलला की बोलणं जायचं. शब्द डोक्यात असायचे, तोंडापर्यंत येत नसत.

आधी निदान झालं नैराश्याचं. गोळ्या मिळाल्या, आणि सल्ला मिळाला की बाहेर पडा, माणसांत मिसळा. मी मनापासून मिसळले. बारशाला गेले, हळदीकुंकवाला गेले, आणि प्रत्येक वेळी आणखी खाली गेले. पुढे एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी शांतपणे माझं बालपण विचारलं. शाळेतली मधली सुट्टी, कपड्यांच्या शिवणी, ठरलेल्या वाटेने घरी यायचा हट्ट. त्यातून ऑटिझमचं निदान झालं. माझ्यासारख्या बायका इतकी वर्षं कुणाच्या नजरेत न येता राहतात, कारण लपवण्याचं काम आम्ही फार चोख करतो.

माझ्या थकव्यालाही नाव होतं, ऑटिस्टिक बर्नआउट. निदानाच्या अधिकृत यादीत तो अजून नाही. पण 2020 साली डोरा रेमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ऑटिझम इन ॲडल्टहूड' या नियतकालिकात ऑटिस्टिक माणसांच्याच सांगण्यावरून त्याची व्याख्या मांडली. दीर्घ, सर्वव्यापी थकवा, येत असलेल्या गोष्टी न येणं, आणि आवाज-उजेड-स्पर्श सोसण्याची ताकद घटणं. साधारण तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ. कारण म्हणजे अपेक्षांचं ओझं आणि माणसाची ताकद यांचा मेळ न बसणं, तोही पुरेशा आधाराशिवाय. रेमेकर स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांना मी कधी भेटणार नाही, पण माझ्यावर त्यांचंही ऋण आहे. तो लेख वाचला त्या रात्री मी आळशी असल्याची शंका मनातून कायमची गेली.

अण्णांनी मात्र लेखाबिखाची वाट पाहिली नव्हती. बोलणं जाऊ लागलं त्याच आठवड्यात त्यांनी जुन्या कॅलेंडरची पानं कापून चिठ्ठ्या केल्या आणि एक पेन्सिल दोऱ्याने फ्रिजच्या मुठीला बांधली. पहिली चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. ठसठशीत अक्षरात, "खिचडी / दहीभात. एकावर खूण कर. नाही केलीस तर खिचडी." ती शेवटची ओळ मला तारून गेली. काही ठरवता आलं नाही तरी जेवण मिळणार होतं, आणि कुणी दारात उभं राहून "सांग ना गं" म्हणणार नव्हतं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालीत, अण्णांना मोजकेच पदार्थ येतात. तेच रोज, त्याच वेळी. कुकर त्यांनी माळ्यावर टाकला आणि पातेल्यात शिजवायला घेतलं.

गणपतीच्या आधी आमच्याकडे ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. अण्णा हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि कारखान्यात कानावर घालतात तसले जाड मफ घेऊन आले. माझ्या हातात देत म्हणाले, "आम्हाला कुणी दिले नव्हते. तू घाल." एवढंच बोलून ते गॅलरीत गेले. माझ्यासाठी इतकं मोठं वाक्य आजवर कुणी उच्चारलेलं नाही.

नातेवाइकांना तोंड त्यांनीच दिलं. माझी आईसुद्धा फोनवर म्हणाली, की घरात बसून माणूस आणखी खचतो. अण्णा म्हणाले, "विहीणबाई, ती बसलेली नाही, बरी होतेय." पुढे निदान हाती आल्यावर बँकेला द्यायचा अर्जही त्यांनीच लिहिला. युनियनमध्ये आयुष्य गेलेलं, अर्ज हा त्यांचा प्रांत. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत आणि ऑटिझम त्यांपैकी एक, हे त्यांनी तांबड्या शाईने अधोरेखित केलं. मागणी दोनच ओळींची होती, काउंटरऐवजी मागच्या खोलीतलं काम आणि काही महिने अर्धा वेळ. अर्ज मंजूर झाला.

बरं होणं सरळ रेषेत झालं नाही. चहा परत आला, मग पोळ्या, मग सकाळचं बोलणं. संध्याकाळचं बोलणं आजही भरवशाचं नाही. लग्नकार्यांना मी जात नाही, आणि न हसता काम करते. जुनी मी परत येईल का, असं नवऱ्याने एकदा विचारलं, तेव्हा मी चिठ्ठीवर लिहिलं, "ती सतत थकलेली होती." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही, आणि कुकर माळ्यावरच राहू दिला.

यंदा अण्णांचं यंत्र बदललं. तपासणीच्या वेळी ते प्रत्येक प्रश्नाला "छान, छान" म्हणत होते, कारण समोरच्या मुलीचा वेळ जाऊ नये. मी कागद पुढे केला. घरातल्या कोणत्या आवाजाला ते दचकतात, कुठल्या खोलीत यंत्र काढतात, कुणाचं बोलणं अर्धंच ऐकू येतं, सगळं मी लिहून नेलं होतं. त्या मुलीने त्याबरहुकूम यंत्र जुळवलं. पैसे मी भरले, त्यावरून आमचं भांडण चालू आहे. पेन्शनमधून हप्त्याने फेडतो म्हणतात, आणि दर महिन्याच्या एक तारखेला फ्रिजवर नोटा ठेवतात. मी त्या परत त्यांच्या पासबुकात घालते.