वाईचा वाडा विकतांना

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर विकून पाहण्याविषयीं मात्र वाडवडिलांनीं कांहीं सांगून ठेवलें नाहीं. तो विचारही त्यांस अभद्र वाटे. पण आतां घरोघरचीं मुलें पुण्यामुंबईस व सातासमुद्रांपलीकडे गेलीं, गांवचे वाडे कुलुपांत राहिले, आणि जें अभद्र वाटे तें करणें कित्येकांस प्राप्त झालें. आमच्या वडिलार्जित वाड्यापुरता तो प्रसंग गेल्या वैशाखांत आला. विक्रीपूर्वीं वाडा ‘तयार’ करावयाचा म्हणून आम्ही चुलत-सख्खीं भावंडें महिनाभर वाईस जाऊन राहिलों.

वाई हें गांव कृष्णेनें घडविलें आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपति आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा आळ्या नदीला लागून आहेत; प्रत्येकीचा स्वतःचा घाट आणि स्वतःचा कृष्णाबाईचा उत्सव. गणपति आळीच्या घाटावर सरदार रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ आहे. त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची निमुळती केली आहे. पुराचें पाणी तिच्यावर येऊन दुभंगावें आणि देवळास धक्का लागूं नये, हा त्यांतील हेतु. नदीशीं वैर न करतां तिला वाट करून द्यावी, ही येथील बांधकामाची जुनी शिकवण आहे.

ती आम्हांस लौकरच उपयोगी पडली. आमच्या वाड्यास काळ्या दगडाचें जोतें, वर विटा-चुन्याच्या भिंती, तळखड्यांवर उभे सागवानी खांब आणि माथ्यावर कडीपाट. माजघराची नदीकडील भिंत मात्र दर पावसाळ्यांत ओल धरते. दलालानें सुचविलें कीं, तिला सिमेंटचा गिलावा करून वर रंग काढावा, म्हणजे गिऱ्हाइकाला कांहीं दिसणार नाहीं. गांवांतील वृद्ध गवंड्याला हें पटेना. तो म्हणाला, “सिमेंटानं भिंतीचं तोंड दाबलं, तर ओल आंतल्या आंत वर चढंल आणि कड्या कुजवंल. चुन्याची भिंत श्वास घेती. तिला चुनाच लावा.” आम्हीं चुन्याचाच गिलावा केला, कौलें परतलीं, तुंबलेलें गटार मोकळें केलें, आणि ओलीची गोष्ट गिऱ्हाइकास आधींच सांगावयाचें ठरविलें. यांत केवळ धर्मबुद्धि होती असें नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याचें ५५ वें कलमही हेंच सांगतें: विकणाऱ्यास ठाऊक असलेला, पण घेणाऱ्यास सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानें उघड केला पाहिजे.

भिंतींपेक्षां अवघड निघालें तें कागदांचें काम. मालमत्ता पत्रकावर अद्याप आजोबांचेंच नांव होतें, आणि ते १९७२ सालीं वारलेले. वारसांची नोंद करावयाची म्हणजे त्यांच्या मुलींचीही करणें आलें. आमच्या तीन आत्यांपैकीं एकच आज हयात आहेत. बाकीच्या दोघींचीं मुलें आहेत. या आत्याबाई अकालीं वैधव्य आल्यावर माहेरीं परतल्या आणि दोन वर्षांपूर्वीं प्रकृतीमुळें पुण्यास येईपर्यंत वाड्यांत दिवा लावीत राहिल्या. आमच्यांतील एकाचें म्हणणें असें कीं, रीतीप्रमाणें त्यांच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यावें. त्या नाहीं म्हणणार नाहींत. कागद तयार झाला, आत्याबाईंपुढें आला. त्यांनीं चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि म्हणाल्या, “सही कोठें करूं तें दाखवलंत रे. पण करायची आहे का, तें कोणीच विचारलं नाहीं.”

त्यानंतर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. कायदा काय म्हणतो तें वकिलांनीं दुसऱ्या दिवशीं समजावून दिलें. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलगी वडिलांच्या वाट्याची वारस झाली. परंतु त्याच्या २३ व्या कलमानें, पुरुष वारस वांटणी करीपर्यंत, तिला राहत्या घराची वांटणी मागतां येत नसे. अविवाहित, विधवा किंवा पतीनें टाकलेल्या मुलीस तेथें राहण्याचा हक्क तेवढा होता. म्हणजे ज्याला आम्ही इतकीं वर्षें घराचें औदार्य म्हणत होतों, तो आत्याबाईंचा कायदेशीर हक्कच होता. २००५ च्या सुधारणेनें तें कलम गेलें आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. सुधारणेच्या वेळीं वडील हयात असण्याची जरूरी नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. हक्कसोडपत्र फाडण्यांत आलें. आत्यांच्या तिन्ही शाखांचे वांटे धरून नवा हिशेब झाला. प्रत्येकाच्या पदरीं पडणारी रक्कम त्यानें कमी झाली, आणि दोघांची नाराजी अजून गेलेली नाहीं. आत्याबाईंनीं आपला वांटा नाकारला नाहीं, याचें आम्हांस समाधानच वाटलें.

राहिलें सामानसुमान. घंगाळें, हंडे, पाटा-वरवंटा यांची वांटणी हंसतखेळत झाली. देव वडील घराकडे गेले. माळ्यावर मोडी कागदांचा एक रुमाल निघाला. वाईजवळच्या मेणवलीस नाना फडणीसांचें दफ्तर जपून राहिलें, म्हणूनच इतिहासाला त्याचा उपयोग झाला. आमच्या रुमालांत कदाचित् उसनवारीचे हिशेबच असतील. तरीही रद्दीवाल्याच्या तागडींत न घालतां तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळास दाखवावा, असें ठरलें.

ज्या कुटुंबांस हा प्रसंग पुढें येणार आहे, त्यांस आमचें एवढेंच सांगणें. रंगाचा डबा शेवटीं उघडावा. आधीं भिंतींचे दोष मोजावे, मग कागद वाचावे, आणि सर्वांआधीं घरच्या लेकींस बोलावून पंक्तींत बसवावें. वाडा परक्याच्या हातीं जाईल, तो जाणारच. पण जातांना त्याच्या भिंतींत आपण दडविलेली ओल राहूं नये, आणि त्याच्या पैशांत कोणा बहिणीचा न विचारलेला वांटाही असूं नये.