आईचा प्रश्न

दादाने जुनी टर्बो सेडान घेतली, तेव्हा कागदपत्रे मीच तपासली. घरात कॉलेजात जाणारा मी एकटा! आईने विचारले होते, "आधीच्यांनी हिला जपले होते का रे?" आम्ही हसलो.

महिन्याभरात सायलेन्सरमधून निळा धूर निघू लागला. मिस्त्री म्हणाले, "टर्बोचे चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेते, तेही तेलाच्या पातळ थरावर. आधीच्या मालकाने तेल वेळेवर बदललेले नाही." गाडी स्वस्त मिळाली, पण सुटे भाग नव्या गाडीच्याच भावाने घ्यावे लागले. दादाची शिल्लक संपली.

पुढे अर्थशास्त्राच्या तासाला जॉर्ज अकेरलॉफ यांचा जुन्या मोटारींवरील १९७० चा निबंध कळला : दोष विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. आईने तेच विचारले होते. मी मात्र सर्व्हिस बुक मागितलेच नव्हते.