तेल पाजणं

मराठवाड्यात वहाणेला, मोटेला तेल नुसतं लावत नसत, पाजत असत. चामड्याचा रंग गडद करणं म्हणजे काय, हे त्या एका क्रियापदात आलं. तेल तंतूंत मुरलं की मूळचाच रंग खोल दिसू लागतो. फिकट पडलेलं चामड्याचं जाकीट अनेकदा विटलेलं नसतं, तहानलेलं असतं. नांदेडला मे महिन्यात पारा 42 अंशांपुढे जातो. लातूर बालाघाटाच्या पठारावर म्हणून जरा सुसह्य, पण उन्हाळ्यातली हवा तिथेही कोरडीच. जाकीट अंगावर चढतं जेमतेम दोन महिने, उरलेलं वर्ष कपाटात सुकतं. त्यावर काळं पॉलिश फासलं की लगेच उठाव येतो हे खरं, पण कॉलरच्या घामाने ते पहिल्याच हिवाळ्यात मानेला लागतं. म्हणून आधी कॉलरखाली पाण्याचा एक थेंब ठेवावा. जिरून गडद ठसा उमटला, तर चामडं तेल पिईल. थेंब मोत्यासारखा उभा राहिला, तर वर रंगाचा लेप आहे. तिथे तेलाने काही होणार नाही.

तेल कोणतं, यावर मात्र वाद होतो. करडई इथलीच, मोटेला चालली तर जाकिटाला का नको, असं विचारतात. करडईचं तेल तापवून काळं, चिकट करत आणि मोटेला, तिच्या नाड्याला चोपडत. ते हवेत वाळून पापुद्रा धरतं. मोट दिवसभर विहिरीत बुडायची, तिला पाणी अडवणारा पापुद्राच हवा होता. जाकिटाच्या कोपराला घडी पडते, तिथे तोच पापुद्रा तडकतो. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे नेमकं जाकीट घालायच्या दिवसांत. मी एरंडेलाच्या बाजूचा आहे. ते वाळत नाही, आपल्याकडच्या थंडीत गोठतही नाही, आणि दाट असल्याने सावकाश मुरतं.

आणखी एक जुना उपाय सांगितला जातो: गंजके खिळे गुळाच्या पाण्यात मुरवून ते पाणी फिरवायचं. बाभळीच्या सालीने कमावलेल्या चामड्यावर तो चालतो, कारण सालीतलं टॅनिन आणि लोखंड मिळून शाईसारखं काळं होतं. ढोर आणि चर्मकार कारागिरांनी हे हातांनी पारखलं होतं. त्याला शास्त्र न म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पण आजची बहुतेक जाकिटं क्रोमने कमावलेली असतात. त्यांत ते टॅनिनच नाही, मग पदरी पडतो तो गंजाचा डाग.

पावसाळ्यातली बुरशी पुसून, दसऱ्यानंतर एरंडेलाचे दोन-चार थेंब तळव्यांवर चोळून ऊब द्यावी आणि पाठीकडून बाह्यांकडे हात फिरवावा. दुसऱ्या सकाळी ओलेपणाचा गडदपणा उतरतो, मागे राहतो तो खरा रंग. याहून गडद हवा असेल तर आठवड्याने दुसरा हात द्यावा. शिवणीपाशी मात्र नको. तिथे दोरा तेल ओढून घेतो आणि दोन्ही अंगांनी काळी रेघ उमटते.